भट्टीतला हात

एक, म्हटलं कुणीतरी. मग सगळेच म्हणू लागले.

दोन. तीन.

"कोपरापर्यंत गेलाय का हो हात?"

"गेलाय. मला इथून स्पष्ट दिसतंय."

"मला इथून तुझं डोकं दिसतंय. खाली बस."

चार. पाच.

आमच्या बेकरीच्या मागच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीवर माणसं, लाकडांच्या ढिगावर माणसं, पिठाच्या रिकाम्या पिंपांवर माणसं. भट्टीचं लोखंडी दार सताड उघडं होतं आणि तिच्या तोंडात अप्पांचा उजवा हात होता. अप्पा म्हणजे माझे वडील, या बेकरीचे भट्टीवाले. बाही खांद्यापर्यंत गुंडाळलेली, पाय फाकवलेले, चेहरा लोकांकडे. त्या भट्टीसमोर दोन पावलांवर उभं राहिलं तरी डोळ्यांतलं पाणी सुकतं. अप्पा फोटो काढून घेत असल्यासारखे उभे होते.

सहा. सात.

आठ म्हणताना लोकांचा आवाज चढला. भट्टी अशी तापलेली असताना आमच्या घरात एरवी कुणी सातच्या पुढे टिकत नसे.

वीस. "अगं बाई, जळतोय हो तो!"

तीस. "काही जळत नाही. तोंडाकडे बघ की. गालातल्या गालात हसतोय."

एक्केचाळीस.

खुर्चीवर बसलेल्या गारवाबाबांनी बोट वर केलं. अप्पांनी हात बाहेर काढला. केस करपल्याचा वास सुटला. हात लालबुंद झाला होता. त्यांनी तो लोकांना दाखवला, या बाजूने, मग त्या बाजूने, दुकानदार नवं कापड दाखवतो तसा.

टाळ्या. अशा टाळ्या, की छपरावरची कबुतरं उडाली.

मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते, बोटांना पीठ लागलेलं. मी टाळी वाजवली नाही. पण काही बोललेही नाही. आणि ती माझी पहिली चूक नव्हती.

०

गारवाबाबांचं बोलणं, कर्ण्यातून आलं तसं:

"मंडळी! आग कुणाची? आगीची! दाह कुणाचा? देहाचा! आग मी घेत नाही, आग तुमची तुम्हाला लखलाभ. मी फक्त दाह घेतो. दाह मी पितो! सकाळी एक पेला, संध्याकाळी एक पेला! हसा, हसा. हसणाऱ्याचाही पितो. आता कुणी म्हणेल, बाबा, या भट्टीवाल्याचा हात मेलेला असेल. लाकूड झालं असेल त्याचं. असं म्हणणारे असतात हो, शिकलेले असतात बिचारे, त्यांना आपण माफ करू. आणा रे ते पीस!"

अप्पांच्या डोळ्यांवर फडकं बांधलं. बाबांनी कबुतराचं एक पीस त्यांच्या हातावरून अलगद फिरवलं.

"लागलं?"

"लागलं."

"कुठे?"

"करंगळीच्या बुडाशी. आता मनगटावर. आता वर सरकतंय. थांबलं."

"ऐकलंत? पीस कळतं, आणि भट्टी कळत नाही! मेलेल्या हाताला पीस कळेल काय? हा हात जिवंत आहे, मंडळी! फक्त त्यातला दाह आता इथे आहे!"

असं म्हणून बाबांनी पोटावरून हात फिरवला. दाहाखेरीज बरंच काही पोटात गेलं असावं, असं ते पोट होतं. मग गारव्याच्या पाण्याच्या बाटल्या निघाल्या. दोन आकार होते, लहान बाटली साध्या दाहाला, मोठी जुन्या दाहाला.

शेजारचा शिंपी माझ्याकडे वळला. "बोल आता, शहाणे. पिसाचं काय?"

पिसाचं काय, हे मला ठाऊक नव्हतं. मलाही आधी वाटलं होतं, आणि मी त्याला तसं म्हटलंही होतं, की हात बधिर झालाय. त्या पिसाने माझंही तोंड बंद केलं.

०

आता थोडं मागे.

आमच्या भट्टीला तापमान दाखवणारी तबकडी नाही. आजोबांनी भट्टी बांधली तेव्हा ती नव्हती आणि पुढे अप्पांनी आणू दिली नाही. भट्टी तापली की निखारे ओढून काढायचे, ओल्या फडक्याने तळ पुसायचा आणि भट्टीवाल्याने उघडा हात आत घालून मोजायचं. चारलाच हात बाहेर ओढावासा वाटला, तर भट्टी कडक आहे, दार उघडं ठेवा. दहाच्या पुढे टिकला, तर थंड आहे, लाकूड घाला. बरोबर सातला नकोसं झालं की पाव आत.

"भट्टी कातडीला विचारायची," अप्पा म्हणत. "तबकडी एखादे दिवशी बिघडेल. कातडी कशी बिघडेल?"

गारवाबाबा आमच्या बाजारात यायच्या दोन महिने आधीपासून पाव करपू लागले.

वरून काळे, आतून कच्चे. शिंपी एक पाव घेऊन आला आणि त्याने तो फळीवर आपटून दाखवला. "भट्टीवाले, हा पाव आहे की पायताण? पाव असेल तर परत घ्या, पायताण असेल तर दुसरं द्या, जोडी होईल." कोपऱ्यावरच्या आजी म्हणाल्या, "दोनच दात उरलेत बाबा माझे, त्यांच्या का जिवावर उठलास?" अप्पा ओशाळून हसायचे. लाकूड बदललंय म्हणायचे. मैदा बदललाय म्हणायचे.

काय होत होतं, ते मी रोज बघत होते. अप्पा हात आत घालायचे. सात मोजायचे, दहा मोजायचे, पंधरा मोजायचे, आणि म्हणायचे, "थंड आहे गं. लाकूड घाल."

मी लाकूड घालायचे. भट्टीच्या तोंडाशी माझा चेहरा भाजून निघायचा, पापण्या चरचरायच्या, आणि तरी मी लाकूड घालायचे, कारण अप्पा थंड म्हणाले होते. पंचेचाळीस वर्षं भट्टीसमोर उभ्या असलेल्या माणसाला मी काय सांगणार?

ती माझी पहिली चूक. स्वतःच्या गालांवर माझा विश्वास बसला नाही.

आणखीही होतं. खोकला आला की अप्पा दोन्ही हातांनी मान धरून बसायचे, डोक्यात कळ जाते म्हणायचे. सदऱ्याची बटणं आई लावून द्यायची. त्यांचा अंगठा आणि तर्जनी यांच्यामधला मांसल उंचवटा बसत चालला होता, तिथे खळगा पडला होता. एकदा जेवताना आईला त्यांच्या कोपरावर भाजल्याचा मोठा डाग दिसला.

"हे कधी झालं?"

"कुठे?" अप्पांनी हात वळवून बघितला. "अरेच्चा."

"म्हणे अरेच्चा! म्हशीची कातडी आहे तुमची."

आम्ही हसलो. तिघंही हसलो.

पीठ मात्र ते पूर्वीसारखंच मळत होते. किती मऊ झालं, किती ताणलं गेलं, बोटांना सगळं कळत होतं. मग हाताला काही झालंय असं कोण म्हणेल?

०

मानदुखीसाठी ते बाजारातल्या बाबांच्या तंबूत गेले. बाबांनी मान चोळली, पाणी दिलं, दाह प्यायलो म्हणाले.

आठवड्याने अप्पा फळीवर पाव मांडत असताना भट्टीतून उडालेला एक निखारा त्यांच्या हातावर पडला आणि तिथेच बसून राहिला. अप्पा शिंप्याला विचारत होते, "किती देऊ?"

शिंप्याने बोट दाखवलं. "भट्टीवाले... हातावर..."

"काय? अरे हो." अप्पांनी निखारा झटकला. "किती देऊ?"

शिंप्याने पाव घेतलेच नाहीत. तो रस्त्यावर धावला. गेल्या आठवड्यात बाबांनी मानेला हात लावला, आज निखारा लागत नाही! दोन तुकडे आणि मधे एक टाका. शिंप्याच्याच हातचा टाका तो, पक्का बसला. संध्याकाळपर्यंत बाबांचा तंबू आमच्या अंगणात आला.

मग रोज दुपारी हात आत, रोज मोजणी, रोज टाळ्या. संध्याकाळी लोक गेले की आई तो हात मांडीवर घ्यायची, आलेले फोड बघायची आणि मलम लावायची. भट्टीतली हवा हळूहळू भाजते, म्हणून नुसते फोड यायचे. बाबांनी त्यावरून पांढरी रेशमी बाही घालायला दिली होती. हात पवित्र आहे, झाकून ठेवा म्हणाले होते.

"दुखत नाही ना?" आई विचारायची.

"छे. तुझं मलम लागतं तेवढं कळतं. छान वाटतं."

आईचे डोळे भरायचे. कशाने, ते तिलाही सांगता आलं नसतं.

मग बाबांनी कर्ण्यातून जाहीर केलं की येत्या रविवारी भट्टीवाला तापून लाल झालेल्या लोखंडी पत्र्यावर तळवा टेकवणार.

हवा वेगळी आणि लोखंड वेगळं. हे बेकरीत जन्मलेल्या माणसाला सांगावं लागत नाही. मी करपलेला एक पाव पिशवीत टाकला आणि सरकारी दवाखान्यात गेले.

०

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मधे फक्त प्रश्न विचारले.

"खोकल्यावर डोकं दुखतं?"

"हो."

"दोन्ही हात, की एकच?"

"उजवा जास्त. डावाही थोडा."

"पीस कळतं म्हणालात."

"कळतं. कुठे लागलं तेही सांगतात."

"आणि भट्टी कळत नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "पिसामुळेच तर ओळखू येतंय हो," त्या म्हणाल्या. "बघितल्याशिवाय छातीठोक सांगता येणार नाही, पण हा चमत्कार नाही. ही आजाराची खूण आहे."

मी पाव त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी तो सुरीने मधोमध कापला. कवच जाड, कडेचा भाग भरलेला, आणि मधे मोठी पोकळी. त्या पोकळीकडे बघून त्या क्षणभर हसल्या, मग हसायच्या थांबल्या.

"कातडीत एकच बातमीदार नसतो. स्पर्शाचे वेगळे, गरमाचे वेगळे, गाराचे वेगळे, दुखण्याचे वेगळे. सगळ्यांच्या बातम्या चेतातंतूंमधून मानेत येतात, मज्जारज्जूत. म्हणजे कण्याच्या आत असते ती दोरी. हा पाव म्हणजे ती दोरी समजा. इथे वाटा वेगळ्या होतात. हलक्या स्पर्शाची बातमी मागच्या कडेने सरळ वर मेंदूकडे जाते." त्यांनी कवचाजवळून सुरीचं टोक नेलं. "गरम, गार आणि दुखणं मात्र आधी दोरी ओलांडतात, अगदी मधून, आणि मग पलीकडच्या बाजूने वर चढतात. आता दोरीच्या मधोमध अशी पोकळी झाली, तिच्यात पाणी साचलं, ती फुगत गेली, तर कुणाची वाट तुटेल?"

"मधून जाणाऱ्यांची."

"आणि कडेने जाणारा?"

"तो पोचेल."

"ते तुमचं पीस."

मी त्या पावाकडे बघत राहिले. इतकं साधं होतं. इतकं साधं आणि इतकं वाईट.

"बाबाला हे ठाऊक असेल?"

"नाही हो. एवढं ठाऊक असतं तर माझ्या जागी बसला असता. पीस लावलं की लोक गप्प होतात, एवढंच त्याला कळलं."

मोठ्या रुग्णालयात यंत्राने मानेच्या आतलं चित्र काढावं लागेल, त्या म्हणाल्या. बहुधा जन्मापासून कवटीच्या तळाशी जागा कमी असेल, म्हणून पाणी अडत असेल. शस्त्रक्रियेने पोकळी वाढायची थांबवता येते. गेलेलं फारसं परत येत नाही. उशीर केला तर बोटांतली ताकद जाईल, पुढे पायही.

"आणि पत्र्याला हात लावू देऊ नका. आपण चटका बसला की हात ओढतो ना, तो शहाणपणा आपला नसतो, त्या दुखण्याचा असतो. त्यांच्या हाताला आता पहारेकरीच नाही."

मी निघताना त्यांनी मला थांबवलं. "त्यांना पटत नसेल तर बर्फ देऊन बघा. डोळे मिटायला सांगा आणि विचारा, गार की गरम. बाबा जर फक्त दाह नेत असेल, तर गारवा राहायला हवा. तो राहिलेला नसणार. पण घरात करा. चारचौघांत नको. त्यांना हरवायचं नाहीये, त्यांना इथे आणायचंय."

०

शनिवारी दुपारी दुकानात आम्ही दोघंच होतो. अप्पा पीठ मळायची परात खरवडत होते.

"अप्पा, बाबाने मानेला हात लावला त्याच्या आधीपासून पाव करपत होते."

"हं."

"म्हणजे तुम्हाला माहितीये."

ते खरवडत राहिले. "इतकी वर्षं लोक येतात, पाव घेतात, पाठ फिरवतात. भट्टीवाल्या, कसा आहेस रे, असं कुणी विचारलं? आता विचारतात. लांबून येतात. परवा एका बाईने तिच्या तान्ह्याला माझ्या हातावर ठेवलं."

"आजार आहे तो, अप्पा."

"असेल."

"डॉक्टरांकडे चला ना."

"गेलेलं परत येईल म्हणाल्या?"

खोटं बोलता आलं असतं. "नाही म्हणाल्या. पण पुढचं वाचेल."

"मग पुढचं पुढे बघू. रविवार होऊ दे. सोमवारी तू म्हणशील तिथे येतो. शब्द."

"रविवारी तुमचा हात जळेल!"

"मला कळणार आहे का?" ते हसले. विनोद करतानाही ते आधी माझ्याकडे बघायचे, मी हसते का ते बघायला. मी हसले नाही.

"बरं, एवढंच करा. डोळे मिटा. मी तुमच्या हातात एक वस्तू ठेवते..."

"नको, बाळा." त्यांनी परात उपडी केली. "मला परीक्षा नको."

आईने आतून सगळं ऐकलं होतं. रात्रीचं जेवण वाढताना ती मला हळूच म्हणाली, "समजावून सांग. चिडवू नकोस त्यांना." मी मान डोलावली.

०

रविवार.

पत्रा सकाळपासून भट्टीत होता. अकराला चिमट्यांनी ओढून अंगणातल्या दगडी ओट्यावर ठेवला तेव्हा त्याच्या कडा लाल होत्या. कुणी त्याच्यावर पाणी शिंपडलं. थेंब पत्र्यावर नाचले आणि नाहीसे झाले. लोक ओरडले. भिंतीवर आज पोरांना खांद्यावर घेतलेले बाप होते.

डॉक्टरीणबाईंनी यायचं कबूल केलं होतं. त्या अजून आल्या नव्हत्या. बाबांनी कर्णा तोंडाशी धरला होता.

मी पुढे झाले. हातात झाकलेली वाटी होती.

"बाबा, एक विचारू?"

"विचार, लेकी! शंकेचाही दाह पितो आपण!" हशा.

"तुम्ही दाह घेता आणि गारवा देता. बरोबर?"

"बाटलीवर लिहिलंय की!"

"मग अप्पांना गारवा कळायला हवा."

"कळायला हवा? अगं, तुला कळतो त्याच्या दुप्पट कळेल! बांधा रे डोळे!"

बाबांनी स्वतःच फडकं बांधलं. मी वाटीवरचं झाकण काढलं. आत बर्फाचा खडा होता. मी तो अप्पांच्या उजव्या तळव्यावर ठेवला आणि त्यांची बोटं मिटली.

"हातात काय आहे, अप्पा?"

"तू आहेस का गं? काहीतरी गुळगुळीत आहे. ओलसर. कडा आहेत त्याला."

"गार की गरम?"

अप्पांनी मूठ आवळली. सैल केली. परत आवळली. बर्फाचं पाणी बोटांतून ठिबकत होतं, खाली जमिनीवर डाग पडत होता, आणि अंगणातली शेकडो माणसं तो डाग बघत होती. अप्पांचा चेहरा माझ्या आवाजाच्या दिशेला वळला होता. लहान मूल पाढा विसरल्यावर बाईंच्या तोंडाकडे बघतं ना, तसा.

"गरम," ते म्हणाले.

भिंतीवरची माणसं पुढे वाकली.

"शिंपीकाका," मी वळले, "तुम्ही करपलेला पाव आणून दिला होतात. कधी?"

"अं... झाले की दिवस."

"बाबा यायच्या आधी की नंतर?"

शिंप्याने बोटांवर मोजलं. "आधी. दोन महिने तरी आधी."

"तेव्हापासून अप्पांना भट्टी कळत नाहीये. बाबांनी काही नेलेलं नाही. बाबा आले तेव्हा सगळं आधीच गेलेलं होतं. अप्पांच्या मानेत, मज्जारज्जूच्या मधोमध पोकळी झाली असणार. गरम, गार, दुखणं तिथे अडतं, स्पर्श कडेने जातो. म्हणून पीस कळतं. त्यांना दवाखान्यात न्यायचंय."

"बर्फ..." बाबांनी कर्णा सावरला, "बर्फालाही, मंडळी, एक सूक्ष्म दाह..."

"म्हणजे बाबा गारवा पण प्यायले!" लाकडांच्या ढिगावरून कुणीतरी ओरडलं. "मग आमच्या बाटलीत काय, बाबांचं उष्टं?"

अंगण हसलं. फुटून हसलं. बाबांच्या कपाळावर घाम आला, आणि सांगायला लाज वाटते, पण मला त्या क्षणी फार बरं वाटलं. मी जिंकले होते. मीसुद्धा हसले.

तो हशा बाबांसाठी होता. पण डोळे बांधलेल्या माणसाला हशा कुणासाठी आहे हे कळत नाही.

अप्पांनी फडकं ओढून काढलं. हातातल्या बर्फाकडे बघितलं. मग माझ्याकडे. मी अजून हसत होते. त्यांनी बर्फ ओट्याच्या कडेला नीट ठेवला, हात सदऱ्याला पुसला, आणि मी "अप्पा" म्हणेपर्यंत तळवा लोखंडावर टेकवला.

आवाज आला. वास आला. तो मी लिहीत नाही.

अप्पा ताठ उभे होते, चेहरा लोकांकडे, ओठांवर तेच हसू. वाट बघत होते. कुणी मोजलं नाही, कुणी टाळी वाजवली नाही. बापांनी खांद्यावरच्या पोरांचे डोळे झाकले. शिंपी तोंडावर हात घेऊन खाली बसला. अप्पांची नजर एका चेहऱ्यावरून दुसऱ्यावर फिरत गेली, आणि आपल्या हाताचं काय होतंय हे त्यांना हळूहळू आमच्या चेहऱ्यांवरून कळत गेलं. त्यांचं हसू विझलं.

"काढू का?" त्यांनी मला विचारलं.

०

बाबा त्या गडबडीत मागच्या दाराने गेले. जाताना म्हणाले, पोरीने शंका घेतली म्हणून दाह परतला. काही लोकांना ते पटलं. अजूनही दोन घरं आमच्याशी बोलत नाहीत.

डॉक्टरीणबाई दहा मिनिटांनी आल्या. एका बाळंतपणात त्या अडकल्या होत्या. त्यांनी हात बघितला, मला काही विचारलं नाही, गाडी बोलावली.

अप्पांची दोन बोटं काढावी लागली. उरलेली मिटत नाहीत. मानेच्या चित्रात पोकळी दिसली, पावात होती तशीच. चार महिन्यांनी शस्त्रक्रिया झाली आणि पोकळी थांबली. पाय शाबूत आहेत, ते रोज फिरायला जातात. खोकल्यावर डोकं दुखत नाही. हाताला गरम-गार कळत नाही, आणि कळणार नाही.

आता चहा झाला की आई कपाला आधी स्वतःचं बोट लावते, थांबते, आणि म्हणते, "घ्या." मग ते घेतात. एकदा ती बाहेर गेली होती. कप तासभर तसाच होता. अप्पा त्याच्यासमोर बसून होते.

मी त्यांची माफी मागितली. ते म्हणाले, "तू बरोबर होतीस." मी बरोबर होते, हे मलाही ठाऊक आहे. त्याचं मी काय करू, ते ठाऊक नाही.

०

मी हल्ली शाळांत, दवाखान्यांच्या आवारात, बोलावतील तिथे जाऊन हे सांगते. पाव कापून पोकळी दाखवते. सगळ्यांना डोळे मिटायला लावते. प्रत्येक वेळी कुणीतरी विचारतंच, "तुमचे वडील एवढे भोळे कसे हो?"

ते भोळे नव्हते. त्यांना बरंचसं ठाऊक होतं. भोळे आम्ही होतो. एक माणूस भाजतोय हे शेकडो जणांना दिसत होतं, नाकाला वास येत होता, आणि आम्ही आपल्या नाकाला खोटं ठरवून खुर्चीवरच्या माणसाला खरं मानलं. फसवायला बाबा एकटा पुरत नाही.

म्हणून विनंती आहे. दुखणं हा शाप नाही. ते कातडीने दिलेली हाक आहे, आणि ती हाक ज्याला ऐकू येत नाही तो माणूस पुण्यवान नाही, आजारी आहे. कुणाला आग लागत नाही, काटा टोचत नाही, पायातली जखम दुखत नाही असं दिसलं, तर कारण विचारा. ते आधीपासून होतं का, विचारा. पटेल असं उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा, समोर कोणीही बसलेलं असो. आणि त्या माणसाला लवकरात लवकर दवाखान्यात न्या.

नेताना त्याला हसू नका.